गरुडाच्या शिकारीला जाताना अंगावर काय घालावं: बायान-उल्गीतला एक आठवडा

सोमवार, उलानबातर

वर्षभराच्या सरासरीने पाहिलं तर मंगोलियाचं उलानबातर ही जगातली सर्वांत थंड राजधानी आहे. जानेवारीत रात्री पारा उणे ३० च्या आसपास उतरला तरी इथे कुणी त्याची चर्चा करत नाही. दिल्ली, सोल असं करत आम्ही पहाटे उतरलो. विमानतळ शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे. येताना टॅक्सीच्या काचांवर आतून आमच्याच श्वासाचं बर्फ धरत होतं आणि चालक ते दर थोड्या वेळाने प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडून काढत होता.

आम्हाला इथून आणखी पश्चिमेला, अल्ताई पर्वतात जायचं होतं. बायान-उल्गी प्रांतातले कझाख लोक पाळलेल्या सोनेरी गरुडाकडून कोल्ह्याची शिकार करतात. पर्यटक बहुतेक ऑक्टोबरातल्या गरुड महोत्सवाला येतात, पण खरी शिकार बर्फ पडल्यावरच होते. कोल्ह्याची पावलं तेव्हाच माग लागण्याइतकी उमटतात, आणि त्याची लव याच महिन्यांत सर्वांत दाट असते. म्हणजे शिकार पाहायची तर कडाक्याची थंडी सोबत आलीच. मैत्रीण नाशिकची, पक्ष्यांचे फोटो काढणारी. मी कोल्हापूरची, घोड्यांत रमणारी. निघण्याआधी कपड्यांबद्दल मराठीत नीट काही सापडलं नव्हतं, म्हणून या टिपणात मी त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिणार आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच डोंगरभटक्यांनी लडाखचा चादर ट्रेक, म्हणजे गोठलेल्या नदीवरची पायपीट, केलेला असतो, मैत्रिणीनेही केला आहे. पण तिथली यादी इथे जशीच्या तशी चालत नाही. चादरवर माणूस चालत असतो. शिकारीत आधी चढ चढायचा आणि मग कड्यावर तासन्‌तास न हलता बसायचं. स्वस्थ बसलेलं शरीर साधारण १०० वॅट उष्णता तयार करतं, चढावर तीच चार-पाच पट होते. एकाच सकाळी दोन ऋतूंचे कपडे लागतात ते यामुळे. त्यात घाम आला की संपलं. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. चढताना भिजलेला बनियन कड्यावर बसल्यावर जेवढा छळतो तेवढा वारासुद्धा छळत नाही. म्हणून सुती कपडा एकही नको, अगदी आतले कपडेही नकोत, हे घरीच ठरलं होतं. अंगाला लागून पातळ मेरिनो लोकर, त्यावर जाड मेरिनो, त्यावर पिसांचं बिनबाह्यांचं जाकीट, एवढं आम्ही पुण्या-मुंबईतूनच जमवलं. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पोटात घेते आणि तरी अंगाला गार लागत नाही. हा गुण दुसऱ्या कुठल्याही कापडात इतका नाही. जोडवी, कानातली, अंगठ्या घरी ठेवून आलो होतो. धातू लागून असतो तिथली कातडी लवकर गारठते, आणि बोट सुजलं तर जोडवं निघता निघत नाही.

बाकीची खरेदी नारनतूल बाजारात केली. हा शहरातला सगळ्यांत मोठा उघडा बाजार. खोगिरांपासून मंगोल डगल्यांपर्यंत सगळं मिळतं, आणि विकणाऱ्या बायका दिवसभर उघड्यावर उभ्या असतात. त्यांच्या पायांकडे पाहिलं तरी अर्धं शिक्षण होतं. दर दुसरीच्या पायात दाबलेल्या लोकरीचे, म्हणजे नमद्याचे बूट. तेच घेतले. हे बूट ओल्या बर्फात कुचकामी, पण उणे पंचविशीत बर्फ कोरडं भुरभुरीत असतं, ते बुटावरून झटकून टाकता येतं. दुकानदारणीने आम्हाला पाटावर बसवलं, आधी पातळ मोजा, मग उंटाच्या लोकरीचा जाड मोजा घालायला लावला आणि त्यावर बूट चढवला. मग हाताने खूण करून सांगितलं, बोटं आत दुमड. दुमडता आली नाहीत तर ती मान हलवून बूट काढून घेई आणि मोठा आणे. घट्ट बुटात रक्त पोचत नाही आणि हवेचा थरही राहत नाही, मग मोजे कितीही जाड असोत.

मंगळवार, उल्गी

विमानाने तीनेक तास. घड्याळ एक तास मागे. उल्गी सतराशे मीटर उंचीवरचं गाव. प्रांतातली दहातली नऊ माणसं कझाख, त्यामुळे पाट्यांपासून चहापर्यंत सगळं बदलतं. चहात दूध आणि मीठ. संध्याकाळी आमची दुभाषी भेटली. शाळेत इंग्रजी शिकवणारी तरुण मुलगी. आमच्या बॅगा उघडून तिने एकेक कपडा पाहिला. नायलॉनच्या जाकिटाची बाही हातात धरून चोळली, आवाज ऐकला आणि ते बाजूला ठेवून दिलं. घोडे या सळसळीला बुजतात आणि शांत दरीत कोल्ह्यालाही ती ऐकू जाते, म्हणाली. शिवाय शेगडीजवळ ठिणगी पडली की नायलॉन वितळतं. लोकर करपते, पण चिकटत नाही. जाकिटं हॉटेलातच राहिली.

बुधवार, सगसाईकडे

जुन्या रशियन व्हॅनमधून सगसाई या गावाकडे, शिकाऱ्याच्या घरी निघालो. रस्त्याचा काही भाग गोठलेल्या नदीवरूनच होता. उन्हाळ्यात तंबूत राहणारी इथली कुटुंबं हिवाळ्यात मातीच्या जाड भिंतींच्या बुटक्या घरांत येतात. मधोमध लोखंडी शेगडी, त्यात वाळलेलं शेण जळतं. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या शिकारी आजोबांना सगळे अता म्हणतात, आजींना आपा. आम्हीही तेच म्हणू लागलो.

आपांनी आमच्यासाठी दोन डगले काढून ठेवले होते. मेंढीच्या कातड्याचे, लोकर आतल्या बाजूला, कातडं बाहेर. एका डगल्याला सहा-सात मेंढ्यांची कातडी लागतात असं त्या म्हणाल्या. हातात घेतला तेव्हा पाच-सहा किलो तरी भरेल असं वाटलं. पहिल्यांदा नाकाला जाणवतो तो वास, चरबीचा आणि धुराचा. मग शिवण दिसते. दोन कातडी जोडताना मध्ये कातड्याचीच अरुंद पट्टी घालून टाके घातलेले, म्हणजे टाक्याच्या भोकातून वारा शिरत नाही. बाह्या बोटांच्या पुढे वीतभर लांब. हात गारठले की आत ओढून घ्यायचे. घेर इतका मोठा की घोड्यावर बसल्यावर गुडघे पूर्ण झाकले जातात. शहरी जाकीट कंबरेपाशी संपतं आणि घोड्यावरच्या माणसाच्या मांड्या उघड्याच राहतात. ही उणीव मला इथे बसून पहिल्यांदा नीट कळली.

आपांनी मला डगला घालून स्टुलावर बसवलं, हात वर करायला लावले, मग कंबरेला पट्टा आवळला. पट्टा ही शोभेची वस्तू नाही. तो नसला तर प्रत्येक हालचालीबरोबर आतली ऊबदार हवा गळ्यातून बाहेर जाते आणि खालून गार हवा आत येते. कोपर वाकवताना काखेत ओढ बसतेय का, तेही त्यांनी बोटं घालून तपासलं.

अतांचा स्वतःचा थाट वेगळा. डोक्यावर तिमाक, म्हणजे कोल्ह्याच्या लवेची टोपी. वर रंगीत कापड, दोन्ही बाजूंनी कानांवर आणि मागे मानेवर येणारे पल्ले. पायात गुडघ्यापर्यंत येणारे कातडी बूट, पण चांगले दोन बोटं मोठे, कारण आत नमद्याचा पूर्ण मोजा जातो. हा मोजा मला सर्वांत आवडला. जाड, पांढरट, बिनशिवणीचा, आपल्याकडच्या धनगरी घोंगडीसारखा खरखरीत आणि तितकाच टिकाऊ. रात्री तो बुटातून काढून शेगडीच्या वर बांधलेल्या दोरीवर टांगतात. बूट मात्र शेगडीपासून लांब, कारण उष्णतेने कातडं तडकतं. मोजा वेगळा निघतो म्हणूनच हे बूट रोज सकाळी कोरडे असतात. आत अस्तर शिवून टाकलेल्या बुटाचं तसं नसतं. दिवसाचा घाम रात्रभर आत राहतो आणि दुसऱ्या दिवशी गोठतो.

गरुड शेजारच्या कोठीत होती. होती म्हणायचं कारण शिकारीला मादीच घेतात. ती नरापेक्षा मोठी आणि जास्त धाडसी. डोळ्यांवर कातडी टोपरं. वजन पाच किलोंच्या वर. ते उजव्या हातावर दिवसभर पेलायचं म्हणून खोगिराला बेचक्याचं लाकूड जोडलेलं असतं, त्यावर मनगट टेकवतात.

गुरुवार, पहिला डोंगर

सकाळी उणे २७, वारा नाही. निघण्याआधी मैत्रिणीने प्रत्येकीच्या गालांना, नाकाला व्हॅसलीन चोपडलं. पाणी असलेली क्रीम या थंडीत लावत नाहीत. हातांत आधी पातळ मेरिनोचे बोटांचे मोजे, त्यावर मेंढीच्या कातड्याचे मुठीचे मोजे, दोरीने गळ्यात अडकवलेले. बोटं एकत्र असली की एकमेकांना ऊब देतात, म्हणून बाहेरचा मोजा मुठीचाच हवा. कॅमेऱ्याचं बटण दाबायला किंवा लगाम सोडवायला तो काढावा लागतो, तेव्हा आतला पातळ मोजा असतो. दोरी नसेल तर काढलेला मोजा वाऱ्याने दरीत गेलाच समजायचं.

रिकिबीत नमद्याचा बूट बसतो का, हे अतांनी स्वतः पाहिलं. नुसता बसून भागत नाही, पडल्यावर सहज सुटलाही पाहिजे. माझ्या खोगिराच्या रिकिबी त्यांनी बदलून रुंद लावल्या.

शेवटचा चढ घोडे हातात धरून चढायचा होता. इथे अतांकडे बारकाईने पाहिलं. पायथ्याशीच त्यांनी पट्टा सैल केला, डगला खांद्यांवरून मागे सोडला, टोपीचे पल्ले वर बांधले. साठी उलटलेला माणूस उणे पंचविशीत छाती उघडी टाकून चढतोय, हे पाहून काळजी वाटावी. पण ते इतक्या सावकाश चढत होते की घाम येऊच नये. आम्हीही मुठीचे मोजे काढले, गळा मोकळा केला. वर पोचल्या पोचल्या, थंडी वाजायच्या आधीच, त्यांनी सगळं उलट क्रमाने बांधून घेतलं. हे आधीच करणं फार महत्त्वाचं आहे. एकदा हुडहुडी भरली की मग कितीही चढवा, शरीराला परत ऊब यायला अर्धा-पाऊण तास जातो.

मग बसणं सुरू झालं. अतांची मुलं खाली दरीत हाकारे म्हणून गेली होती. झुडपांतून, खडकांतून आवाज करत येणार आणि कोल्हा उठवणार. आम्ही वर, नमद्याच्या तुकड्यावर. दगडावर थेट बसायचं नाही, तो अंगातली ऊब खेचून घेतो. तोंडावरचा रुमाल श्वासाने भिजून अर्ध्या तासात कडक झाला. मी तो फिरवून कोरडी बाजू नाकाशी आणली, पुढे दर थोड्या वेळाने तेच. आम्ही हात गरम ठेवायच्या पुड्या आणल्या होत्या. त्यांत लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने तापते. मुठीच्या मोज्यात त्या छान चालल्या, बुटात मात्र हवा पोचत नाही म्हणून जवळजवळ थंडच राहिल्या. पायांना खरा उपाय एकच, बोटं सतत हलवत राहणं.

साधारण तासाभराने माझी नजर मैत्रिणीच्या गालावर गेली. रुपयाएवढा पांढरा डाग. तिला काहीच जाणवत नव्हतं, आणि न जाणवणं हीच त्याची खूण. अतांनी हातमोजा काढला, उघडा तळवा तिच्या गालावर ठेवला आणि नुसता धरून ठेवला. चोळलं नाही. बर्फ चोळायची जुनी समजूत आपल्याकडेही ऐकायला मिळते, ती कातडी सोलवटून नुकसानच करते. पाचेक मिनिटांनी गाल लाल झाला आणि तिला झोंबू लागलं. त्यानंतर आम्ही दोघी दर दहा मिनिटांनी एकमेकींचं तोंड पाहत होतो. अशा ठिकाणी एकट्याने जाऊ नये ते यासाठीही. स्वतःचा गाल स्वतःला दिसत नाही.

कोल्हा उठला नाही. उजेड उतरू लागला तसे आम्ही परतलो.

शुक्रवार

वारा. थर्मामीटर उणे २५ दाखवत होता, पण ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला ते उणे ३९ इतकं लागतं. अता दारातून बाहेर एकदा पाहून आत आले आणि चहा प्यायले. कुणी काही विचारलं नाही.

दिवस कपडे वाळवण्यात आणि शिवण्यात गेला. आपांनी पट्ट्याचं भोक वाढवलं, माझ्या मुठीच्या मोज्यातला दोरीचा फास बदलला. दुपारी मटणाबरोबर घोड्याच्या मांसाचं सॉसेज, तळलेले पिठाचे गोळे. मैत्रीण मांस खात नाही, तिने नाशिकहून डिंकाचे लाडू आणि तुपाचा डबा आणला होता. आपांनी एक लाडू चवीने खाल्ला, मग नातवंडांनी डबा रिकामा केला. शरीर आतून पेटतं ठेवायला चरबी लागते, इथलं जेवण त्याच हिशोबाचं आहे.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती कुणी सांगत नाही. संडास घरापासून चांगला लांब, उघड्यावर. अंगभर एकच सलग सूट घेतला तर रात्री उणे तिशीत तो पूर्ण उतरवावा लागतो. वरचा-खालचा वेगळा घ्या, आणि आतली विजार कमरेला नाडीची नसून इलॅस्टिकची असू द्या, बधिर बोटांना नाडी सुटत नाही. लांब डगल्याचा इथेही उपयोग होतो, आडोसा तोच देतो.

शनिवार, दुसरा डोंगर

पहाटे वारा पडला. ताजं बर्फ पडलेलं, त्यावर कोल्ह्याच्या पावलांची एकच ओळ सरळ उतारावर गेलेली. अता घोड्यावरूनच वाकून ती पाहत राहिले.

कड्यावर पोचून तास झाला असेल. खालून मुलांची आरोळी आली आणि अतांनी टोपरं काढलं. गरुडाचं डोकं एकदा डावीकडे वळलं, थांबलं. मला काहीही दिसत नव्हतं. अतांनी हात उंच केला आणि ती सुटली, पंख फारसे न हलवता, उताराला धरून खाली. मग पांढऱ्यावर एक तांबडी रेघ पळताना दिसली, एकदा वळली, आणि गरुडाने पाय पुढे काढले. अता तोवर घोड्यावर होते. त्या उतारावरून ते ज्या वेगाने गेले तो मी कधी विसरणार नाही. कोल्हा चावला तर गरुडाचा पाय कायमचा जायबंदी होतो, म्हणून शिकाऱ्याला आधी पोचावं लागतं. मुठीचा मोजा त्यांनी दौडतानाच झटकला, तो गळ्यातल्या दोरीला लोंबत राहिला. सुरी धरायला बोटं मोकळी आणि गरम होती. कपडे कशासाठी निवडायचे याचं एवढं साफ उत्तर मला दुसऱ्या कुणी दिलं नसतं.

आम्ही पोचलो तेव्हा कोल्हा संपला होता. गरुडाला तिचा वाटा दिला, टोपरं चढलं. माझ्या मनात काय होतं तेही लिहायला हवं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबवली, आणि त्या बंदीच्या बाजूने मी आहे. पण इथे ज्या टोपीने अतांचे कान वाचतात ती याच लवेची आहे, आणि काही हिवाळे शिकार करून झाली की हीच मादी वसंतात डोंगरात सोडून देतात, पिलं घालायला. ससाण्या-गरुडांच्या या विद्येची युनेस्कोने २०१० साली वारसा म्हणून नोंद केली, त्यात मंगोलियाही आहे. मला त्या उतारावर उभं राहून वाईट वाटलं आणि आदरही वाटला, आणि यातलं कुठलं एक खोडायची मला गरज वाटत नाही.

मैत्रिणीने कॅमेरा घरात नेण्याआधी बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला. उबदार खोलीतली वाफ गार भिंगावर धरते आणि आतपर्यंत जाते. बॅटऱ्या दिवसभर तिने मेरिनोच्या आतल्या खिशात ठेवल्या होत्या, तरी दोन उतरल्याच.

रविवार, उल्गी

डगले परत करताना आपांनी ते झटकून, उलटे करून बाहेर बर्फात पसरले. ऊ, पिसवा, वास, सगळं थंडीत मरतं. धुवायची वेळ येत नाही.

पुन्हा या प्रदेशात आले तर मी आतून मेरिनो आणेन आणि बाहेरचं सगळं इथलंच घेईन. उलट करणारे पाहुणे येतात असं दुभाषी म्हणाली, महागडं जाकीट बाहेर आणि आत सुती बनियन. बाजारात आम्ही नमद्याचे मोजे शोधले. विकणाऱ्या आजोबांनी पाय कागदावर ठेवायला लावून पेन्सिलने रेघ ओढली, पण त्या मापाचे तयार नव्हते. मैत्रिणीने पैसे भरून ठेवले, दुभाषी नंतर पाठवणार आहे.

माझा जाड मेरिनो त्या मुलीने हातात घेऊन पाहिला. शाळेतली खोली सकाळी गार असते, शिकवताना डगला घालून फळ्यावर लिहिता येत नाही, म्हणाली. तो तिलाच दिला. धुवायचा कसा, तिने विचारलं. गार पाण्यात, पिळायचा नाही, सपाट पसरून वाळवायचा, आणि शेगडीवर अजिबात नाही. तिने ते वहीत लिहून घेतलं, मग आम्हाला विमानतळावर सोडायला निघाली.